वाचून दाखवू नका, वाचू द्या

गेले काही महिने एक विषय डोक्यात घोळतो आहे. घरी त्यावरून दोन-तीनदा वादही झाले. पण जेवताना वाद नीट मांडता येत नाही, मध्येच कोणीतरी आमटी वाढतं आणि विषय बदलतो. म्हणून इथे लिहून टाकतो.

माझी भाची कला शाखेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिला जन्मापासून दिसत नाही. घरातली मंडळी हे वाचतातच, त्यामुळे कॉलेज कुठलं हे त्यांना सांगायला नको. बाकीच्यांना ते कळून उपयोग नाही, कारण हे एका कॉलेजचं दुखणं नव्हेच. नोट्स, परिपत्रकं, जुन्या प्रश्नपत्रिका, लायब्ररीची यादी, परीक्षेचा फॉर्म... आता सगळं कॉम्प्युटरवर किंवा फोनवर येतं. खरं तर तिच्यासारख्या मुलांसाठी ही पर्वणी असायला हवी होती. कागद स्वतःहून बोलत नाही, फाइल बोलू शकते. मग तिच्या वाट्याला येणाऱ्या बहुतेक फाइली मुक्या का?

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो. स्क्रीन रीडर म्हणजे पडद्यावरचा मजकूर आवाजात वाचणारं सॉफ्टवेअर. ‘जॉज’ हे त्यातलं जुनं आणि महागडं. २००६ साली ऑस्ट्रेलियात मायकेल करन या तरुणाने (तो स्वतः अंध) ‘एनव्हीडीए’ लिहायला घेतलं आणि ते जगाला फुकट देऊन टाकलं. अँड्रॉइड फोनवर ‘टॉकबॅक’ असतं. मराठी आवाजही मिळतो. भाची हे सगळं इतक्या वेगात ऐकते की शेजारी बसून मला एक वाक्य कळत नाही. म्हणजे साधन आहे, ते वापरणारी हुशार आहे. अडतं ते फाइल तयार करणाऱ्याच्या टेबलावर.

कसं, ते बघा. कॉलेजात परिपत्रक कॉम्प्युटरवर टाइप होतं. मग त्याची प्रिंट निघते, प्राचार्यांची सही आणि शिक्का होतो, तो कागद स्कॅन होतो आणि त्याची पीडीएफ वेबसाइटवर चढते. अक्षरं होती, ती आपण आपल्या हाताने चित्रात बदलली! स्क्रीन रीडरच्या लेखी ते पान कोरं. नोट्सचं याहून वाईट. वहीच्या पानाचा मोबाइलवर काढलेला फोटो, तोही तिरका, त्यावर अंगठ्याची सावली, आणि तो व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर. छापील मराठी ओळखणारी सॉफ्टवेअर आहेत, फुकटातलीही आहेत, आणि स्वच्छ पानावर ती बऱ्यापैकी चालतात. पण सरांच्या हस्ताक्षरापुढे कोण काय करणार?

दुसरी गंमत फाँटची. आपल्यापैकी ज्यांनी २००५-०६ च्या आसपास मराठीत लिहायला सुरुवात केली त्यांना हे दुखणं पाठ असेल. तेव्हा एकेका मराठी वर्तमानपत्रासाठी एकेक फाँट उतरवून घ्यावा लागायचा, नाहीतर पडद्यावर नुसता चिवडा दिसायचा. युनिकोड आलं आणि आपण सुटलो. पण कॉलेजांची ऑफिसं आणि टायपिंगची दुकानं सगळी सुटली नाहीत. जुन्या फाँटांमध्ये फाइलच्या आत इंग्रजी अक्षरं असतात, फाँट फक्त त्यांना देवनागरीचा मुखवटा चढवतो. कृतिदेव फाँटात ‘मराठी’ हा शब्द टाइप केला तर फाइलमध्ये साठतात ती ई, जे, के, बी, एच ही पाच अक्षरं. डोळ्यांना मुखवटा दिसतो, म्हणून आपल्याला वाटतं मराठी लिहिलं आहे. स्क्रीन रीडर मुखवटा बघत नाही, आत जे आहे ते वाचतो. ज्ञानेश्वरीवरची वीस पानांची सुंदर टिपणं भाचीला ऐकू येतात ती अशी, निव्वळ इंग्रजी बाराखडीचा गोंधळ!

बाकीच्या गोष्टी किरकोळ दिसतात, पण रोज टोचतात. वेबसाइटवर बारा ठिकाणी ‘येथे क्लिक करा’. स्क्रीन रीडर वापरणारा माणूस बऱ्याचदा पानावरच्या लिंकांची यादी काढून ऐकतो, त्याला बारा वेळा तेवढंच ऐकू येतं. कशासाठी क्लिक करू, बाबा? अर्थशास्त्राच्या नोट्समध्ये मागणीचा वक्र असतो, पण त्याखाली ‘किंमत वाढली की मागणी घटते, म्हणून रेषा डावीकडून उजवीकडे उतरते’ एवढं एक वाक्य नसतं. फॉर्मच्या शेवटी वेडीवाकडी अक्षरं ओळखा म्हणून कोडं असतं, आणि ते ऐकून सोडवायची सोय नसते.

मग हे सगळं निभतं कसं? तर ताई वाचून दाखवते. दिवसभराची नोकरी, घरचं आवरणं, आणि रात्री साडेनऊपासून फोनवरचे फोटो मोठे करकरून मुलीला वाचून दाखवणं. आमच्याकडचा वाद इथेच सुरू होतो. कारण घरातल्या सगळ्यांचं म्हणणं एकच, ‘आपण आहोत ना वाचून दाखवायला! कॉलेजच्या मागे कशाला लागायचं?’

मला हे पटत नाही. ताईच्या कष्टांबद्दल मला काय वाटतं ते तिला माहीत आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. वाचून दाखवणं म्हणजे वाचणं नव्हे. आपण वाचतो तेव्हा मागे जातो, एक परिच्छेद गाळतो, एका ओळीवर दहा मिनिटं अडून बसतो, कंटाळा आला की पुस्तक मिटतो, पहाटे तीनला पुन्हा उघडतो. दुसरा वाचत असताना यातलं काय करता येतं? ‘आई, ते वाक्य परत वाच’ असं ती दोनदा म्हणेल. तिसऱ्या वेळी आईच्या आवाजातला थकवा तिला ऐकू येतो, आणि समजलं नसलं तरी ती ‘हं, पुढे’ म्हणते. हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. त्यातून काय वाचायचं हेही वाचणाऱ्याच्या सवडीवर ठरतं. नेमलेली पानं वाचून होतात. शेजारचं, न नेमलेलं, उगाच चाळावंसं वाटलेलं पुस्तक राहून जातं. आणि एकोणीस वर्षांच्या मुलीला आपल्या गुणपत्रिकेतला आकडा सगळ्यात आधी एकटीने कळावा असं वाटलं, तर त्यात चूक काय?

आपल्या मायेमुळे कॉलेजचं काम अडत नाही, उलट सुटतं. घरी कोणीतरी आहे, हे गृहीत धरूनच तो तिरका फोटो ग्रुपवर पडतो. आणि ज्या मुलाच्या घरी वाचून दाखवणारं कोणी नाही, किंवा आईलाच वाचता येत नाही, त्याने काय करायचं? तो बहुधा दुसऱ्या वर्षापर्यंत पोचतच नसेल.

याचा अर्थ कॉलेजं काहीच करत नाहीत असा नाही. रॅम्प होतात, लिफ्ट होते. नॅकच्या नियमावलीत दिव्यांगांसाठीच्या सोयींचा एक वेगळा मुद्दा होता. त्यात रॅम्प आणि स्वच्छतागृहांच्या बरोबरीने वापरता येण्याजोगी वेबसाइट, स्क्रीन रीडर आणि वाचनसाहित्याच्या सॉफ्ट कॉपी हेही लिहिलेलं होतं. पण रॅम्पचा फोटो काढता येतो. नीट केलेल्या फाइलचा फोटो कसा काढणार? ती आणि वाईट फाइल दिसायला सारखीच.

कायदा तर केव्हाच झाला. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा एप्रिल २०१७ पासून लागू आहे. सरकारी आणि सरकारी मदतीवर चालणाऱ्या उच्च शिक्षणसंस्थांनी निदान पाच टक्के जागा राखून ठेवाव्यात, हे त्यातच आहे. इलेक्ट्रॉनिक मजकूर सर्वांना वापरता येईल अशा स्वरूपात हवा, हेही आहे. ३० एप्रिल २०२५ ला तर सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. लायब्ररीत अजून ‘कॉपीराइटचा प्रश्न येईल’ असं उत्तर मिळतं, तोही प्रश्न संपला आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर दिव्यांग वाचकासाठी पुस्तक त्याला वाचता येईल अशा रूपात आणायला प्रकाशकाची परवानगी लागत नाही. अंधांसाठीच्या पुस्तकांचा मराकेश करार २०१३ साली झाला आणि २०१४ साली त्याला मान्यता देणारा पहिला देश आपला भारत! अभिमान वाटावा अशीच गोष्ट आहे. फक्त ती मराकेशहून आपल्या तालुक्याच्या लायब्ररीपर्यंत यायची आहे.

आता दुसरी बाजू. माझा एक मित्र कॉलेजात शिकवतो. तो म्हणाला, ‘अरे, तासिका तत्त्वावर शिकवणारा माणूस दिवसात दोन कॉलेजं करतो. त्याला तू फाँट शिकवणार?’ मुद्दा खरा आहे. जागा रिकाम्या, पगार तासावर, त्यात हे नवीन लचांड. शिवाय वर्गात अशी मुलं किती, एक? दोन?

यावर मला अमेरिकेतली एक गोष्ट आठवते. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने आपली हजारो व्याख्यानं जगाला फुकट ऐकायला ठेवली होती. त्यांना धड कॅप्शन नव्हती. वॉशिंग्टनच्या गॅलोडेट या बधिरांच्या विद्यापीठातल्या दोन कर्मचाऱ्यांच्या वतीने तक्रार झाली, आणि ऑगस्ट २०१६ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने कळवलं की हे १९९० च्या तिथल्या अपंग हक्क कायद्यात बसत नाही. बर्कलीने काय करावं? मार्च २०१७ मध्ये वीस हजारांहून जास्त ध्वनिफिती आणि व्हिडिओ जनतेसाठी बंदच करून टाकले! कॅप्शन घालायला खर्च फार, म्हणून कोणालाच नको. लोक चिडले ते तक्रार करणाऱ्यांवर. ‘तुमच्यामुळे आमचंही गेलं.’ पुढे प्रकरण चालत राहिलं आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये विद्यापीठ आणि न्याय खातं यांच्यात तडजोड झाली, ऑनलाइन साहित्य सुधारण्याचं वेळापत्रक ठरलं.

मला या गोष्टीतून दोन गोष्टी दिसतात. एक, वीस हजार व्हिडिओ साठेपर्यंत थांबलात तर खर्च डोंगराएवढा दिसणारच. पहिल्या व्हिडिओच्या दिवशी तो कॅप्शनच्या एका फाइलीएवढा होता. दुसरी, जास्त गंभीर. सुधारणा उशिरा केली की ज्याला ती हवी असते तोच सगळ्यांच्या डोळ्यांत खुपतो. भाचीने एकदा वर्गात ‘सर, टाइप केलेली फाइल मिळेल का?’ असं विचारलं. सरांनी ‘बघतो’ म्हटलं आणि पुढचे दोन आठवडे कोणालाच नोट्स आल्या नाहीत. सरांच्या मनात तसं काही नसेलही. पण ग्रुपवर एकीने लिहिलं, ‘आता झालं समाधान?’ त्यानंतर तिने काही मागितलं नाही. बर्कली आणि आमचं कॉलेज यांत तसा काही फरक नाही.

म्हणून मी मागच्या सगळ्या फाइली दुरुस्त करा असं म्हणत नाही. ते मित्राच्या त्या तासिकावाल्यावर अन्याय होईल. मी एवढंच म्हणतो, आजपासूनची फाइल नीट करा. टाइप युनिकोडमध्ये करा, शीर्षकाला शीर्षकाची स्टाइल द्या, वर्डमधून थेट पीडीएफ काढा. सहीचा कागद हवाच असेल तर तोही चढवा, पण टाइप केलेली फाइल शेजारी ठेवा. यात पैसा नाही आणि वेळही उलट वाचतो, कारण प्रिंट आणि स्कॅन गळतात. व्हिडिओला कॅप्शन घाला, यंत्राने घातलेली असतील तर निदान विषयातले शब्द तरी तपासा. माउस धरता येत नाही त्याला नुसत्या कीबोर्डने फॉर्म भरता येतो का, हे वर्षातून एकदा बघा. आणि हे एखाद्या दयाळू मॅडमच्या मर्जीवर सोडू नका. ऑफिसातल्या एका माणसाच्या कामाच्या यादीत लिहून टाका. दयाळू मॅडमची बदली होते, यादी राहते.

‘एक-दोघांसाठी कशाला’ याचं उत्तरही यातच आहे. टाइप केलेली फाइल शोधता येते, फोनवर अक्षर मोठं करून वाचता येते, बसमध्ये ऐकता येते, आणि कमी डेटा खाते. माझ्या चाळिशीच्या चष्म्यालाही ती बरी पडते.

असो, फार लांबलं. नातेवाईक आणि मित्रमंडळींपैकी निदान सहा-सात जण कुठे ना कुठे शिकवतात किंवा शाळा-कॉलेजच्या ऑफिसात आहेत. तुम्हाला एक विनंती. उद्या कामावर गेलात की तुम्हीच शेवटची पाठवलेली फाइल उघडा आणि त्यातली एक ओळ माउसने निवडून बघा. निवडता आली नाही तर ते चित्र आहे. निवडता आली तर ती कॉपी करून नोटपॅडमध्ये टाका. तिथे मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा चिवडा उमटला तर फाँट बदला. दोन मिनिटांचं काम आहे. काय निघालं ते मला जरूर कळवा.