टूल शिकवली, चित्र राहून गेलं

चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला ए ग्रेड मिळवलेल्या, वहीच्या समासात सतत काहीतरी रेखाटत बसणाऱ्या मुलांच्या हाती पेन टॅबलेट आला की सुरुवातीला एक विचित्र प्रकार घडतो. त्यांना चित्र काढता येईनासं होतं. वर्तुळ लांबट येतं, सरळ रेघ थरथरते, चेहऱ्याचा एक डोळा कपाळाकडे सरकतो. आईवडिलांना वाटतं, पैसे पाण्यात गेले. मुलांना वाटतं, आपल्याला मुळात येतच नव्हतं. मग कुणीतरी सुचवतं, क्लास लावा. क्लासमध्ये सॉफ्टवेअरची सगळी टूल ओळीने शिकवली जातात, प्रमाणपत्र मिळतं आणि चित्र राहून जातं.

अनोळखी सॉफ्टवेअर आधी पाठ करायचं आणि मग त्यात चित्र काढायचं, हा क्रमच उलटा आहे.

पहिल्या दिवसांतल्या त्या वाकड्या रेघांचा कौशल्याशी फारसा संबंध नसतो. परवडणाऱ्या टॅबलेटला स्वतःचा पडदा नसतो. हात टेबलावर चालतो आणि नजर समोरच्या मॉनिटरवर असते. कागदावर ही दोन्ही एकाच जागी असतात, त्यामुळे या अंतराची सवय व्हायला वेळ जातो. त्यात टॅबलेट मॉनिटरपेक्षा लहान, म्हणजे हाताची बोटभर हालचाल पडद्यावर वीतभर उमटते. वर्तुळ लांबट येण्याचं कारण तर बहुतेक वेळा निव्वळ यांत्रिक असतं. टॅबलेटच्या लांबी-रुंदीचं प्रमाण मॉनिटरशी जुळत नसेल तर हात गोल फिरवूनही पडद्यावर अंडाकृती दिसते. ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये हे प्रमाण जुळवण्याचा पर्याय असतो. तो निवडला की वर्तुळ ताळ्यावर येतं. कार्ट्रिज पेपरचा खरखरीतपणा इथे नसतो, म्हणून काही चित्रकार टॅबलेटवर चक्क साधा कागद चिकटवतात. पेन दाबाच्या ४,०९६ किंवा ८,१९२ पातळ्या ओळखतं असं खोक्यावर छापलेलं असतं, पण दाबाचं सेटिंग आपल्या हाताप्रमाणे बदलून घेतलं नाही तर हलका हात असलेल्याला त्यातल्या बऱ्याचशा कधी सापडतच नाहीत. इतक्या साध्या गोष्टी पहिल्याच तासाला सांगितल्या तर कितीतरी मुलांचा हिरमोड टळेल.

हाताची सवय झाली की दुसरी अडचण सुरू होते आणि ती जास्त चिवट असते. प्रत्येक सॉफ्टवेअरची स्वतःची मतं असतात. फोटोशॉपमध्ये ‘ई’ दाबलं की खोडरबर हे वेगळं टूल हातात येतं. क्रिटामध्ये ‘ई’ दाबलं की हातात असलेला ब्रशच खोडू लागतो. म्हणजे पेन्सिलीसारखा पोत देणारा ब्रश त्याच पोताने खोडतो. चित्रकाराच्या दृष्टीने क्रिटाची कल्पना सरस आहे, हे खुशाल म्हणावं. तरीही फोटोशॉपमध्ये उमेदीची वर्षं घालवलेला माणूस क्रिटात आला की रंगवायला जातो आणि पुसत सुटतो. खुद्द फोटोशॉपमध्ये २०१८ पर्यंत कंट्रोल झेड दुसऱ्यांदा दाबलं की मागे जाण्याऐवजी रद्द केलेली रेघ परत यायची. बाकीची बहुतेक सॉफ्टवेअर तोवर केव्हाच त्याच बटणाने एकेक पाऊल मागे जात होती. गिम्पमध्ये तर साधं पोकळ वर्तुळ काढायला वर्षानुवर्षं आधी गोल सिलेक्शन करायचं आणि मग त्याच्या कडेवरून रेघ फिरवायची, असा द्राविडी प्राणायाम होता.

म्हणूनच अनुभवी माणूस नव्या सॉफ्टवेअरमध्ये कधी कधी नवख्यापेक्षाही जास्त चडफडतो. नवख्याला निदान विसरायचं काही नसतं. बोटांना लागलेलं वळण किती खोल जातं याचा पुरावा कोर्टाच्या दप्तरात आहे. फोटोशॉप बनवणाऱ्या ॲडोबीने २००५ मध्ये मॅक्रोमीडिया ही कंपनी विकत घेतली आणि पुढे तिच्या फ्रीहँड या चित्रणाच्या सॉफ्टवेअरचा विकास थांबवला. त्यावर काम करणाऱ्या डिझायनरांनी संघटना काढली आणि २०११ मध्ये अमेरिकेत ॲडोबीवर दावा ठोकला. ॲडोबीचं स्वतःचं इलस्ट्रेटर समोर होतंच की! पण त्यांना ते नको होतं.

इलस्ट्रेटरचा विषय निघाला की पेन टूलचा निघणारच. जगात सर्वाधिक शिव्या खाल्लेलं टूल कोणतं, अशी स्पर्धा भरवली तर दुसरं नाव सुचणं कठीण. कागदावर रेघ ओढायची असते. इथे बिंदू ठेवायचे, त्यांच्यातून निघालेली हँडल ताणायची आणि वक्र स्वतःहून वळतो तो पाहायचा. ही पद्धत चित्रकारांसाठी जन्मलेलीच नाही. सित्रोएन या फ्रेंच मोटार कंपनीत पॉल द कास्तल्यो यांनी १९५९ मध्ये आणि रेनॉमध्ये पिएर बेझिए यांनी त्यानंतरच्या दशकात मोटारीच्या पत्र्याचे वक्र गणितात बसवण्यासाठी ती घडवली. ॲडोबीचे सहसंस्थापक जॉन वॉर्नॉक यांची पत्नी मार्व्हा ग्राफिक डिझायनर होती. तिचं काम जवळून पाहणाऱ्या वॉर्नॉक यांनी हे वक्र चित्रकारांच्या हाती देणारं सॉफ्टवेअर तयार करून घेतलं. १९८७ मध्ये इलस्ट्रेटर बाजारात आलं तेव्हा खोक्यात एक व्हिडिओ कॅसेटही होती. तिच्यात वॉर्नॉक स्वतः सॉफ्टवेअर वापरून दाखवत होते. हे प्रकरण नुसतं बघून कुणाला उमगणार नाही, हे बनवणाऱ्यांनाही ठाऊक होतं. आज पेन टूलपुढे हात टेकणाऱ्या विद्यार्थ्याने ही कॅसेट आठवावी.

गंमत अशी की या वक्रांना अचूक वर्तुळ काढताच येत नाही. इलस्ट्रेटरमधलं वर्तुळ चार बिंदूंचं असतं आणि गणिताच्या काटेकोर मापाने किंचित बेडौल असतं. फरक त्रिज्येच्या हजारात एका भागाहूनही कमी, म्हणून डोळ्याला कळत नाही. त्यातून शिकण्यासारखं मात्र पुष्कळ आहे. अख्खं वर्तुळ चार बिंदूंत मावतं, तर नवशिक्याने एका नाकासाठी वीस बिंदू का खर्चावेत? बिंदू वक्राच्या टोकांवर ठेवायचे, म्हणजे तो जिथे सर्वांत वर, खाली, डावीकडे किंवा उजवीकडे पोचतो तिथे. फॉन्ट घडवणारे हेच करतात. विंडोजवर वर्षानुवर्षं मराठी उमटवणारा ‘मंगल’ हा र. कृ. जोशी यांनी घडवलेला फॉन्टही अशाच बिंदू-वक्रांच्या बाह्यरेषांनी बनलेला आहे. लग्नपत्रिका नाहीतर फ्लेक्स छापून घेणाऱ्या कुणालाही दुकानातून फोन येतो, “फाइल कर्व्ह करून पाठवा, आमच्याकडे तो फॉन्ट नाही.” कर्व्ह करायचं म्हणजे अक्षरांची अक्षरं म्हणून असलेली ओळख पुसायची आणि फक्त त्यांचे वक्र ठेवायचे. पॅरिसच्या मोटार कारखान्यातलं गणित असं रोज आपल्या बाजारपेठेत राबत असतं.

मग एवढं सगळं शिकायचं कसं? उत्तर असं की सगळं शिकायचं नाहीच. या बाबतीत तीन म्हाताऱ्यांचे दाखले कुठल्याही क्लासच्या माहितीपत्रकापेक्षा उपयोगी आहेत.

जपानचे तात्सुओ होरिउची निवृत्तीच्या सुमारास कॉम्प्युटरवर चित्रं काढायला निघाले. चित्रकलेचं सॉफ्टवेअर महाग, आणि एक्सेल कॉम्प्युटरमध्ये आयतंच होतं. हो, हिशेबाचं एक्सेल. त्यातल्या रेघा आणि आकार काढायच्या टूलने त्यांनी चेरीचा बहर, डोंगर, बर्फातली गावं अशी पारंपरिक जपानी धाटणीची निसर्गचित्रं उभी केली आणि २००६ मध्ये एक्सेलच्याच चित्रस्पर्धेत बक्षीस पटकावलं. अमेरिकेचे हॅल लॅस्को मूळचे अक्षरकलेतले. म्हातारपणी डोळ्यांच्या विकाराने दृष्टी अधू झाली, घरच्यांनी कॉम्प्युटर दिला, आणि त्यांनी मायक्रोसॉफ्ट पेंटमध्ये चित्र मोठं करकरून ठिपका ठिपका भरत रंगीबेरंगी चित्रं केली. नव्वदी ओलांडल्यावरही त्यांचं काम चालू होतं. याच पेंटला २०१७ मध्ये कंपनीने निरोप द्यायचं ठरवलं, तर लोकांनी एवढा गलका केला की ते टिकलं.

डेव्हिड हॉकनी यांचं प्रकरण निराळं, कारण ते आधीच जगप्रसिद्ध होते. २००९ च्या सुमारास त्यांनी आयफोनवर अंगठ्याने फुलं काढून मित्रांना पाठवायला सुरुवात केली. पुढे आयपॅड आला. पडद्याला स्वतःचा उजेड असल्याने पहाटे अंथरुणातूनच, दिवा न लावता खिडकीबाहेरचं उजाडणं टिपता येतं, हे त्यांना भलतंच आवडलं. ब्रशेस नावाचं साधं ॲप त्यांनी धरून ठेवलं. २०११ मध्ये यॉर्कशरच्या एका रस्त्यावर येणारा वसंत त्यांनी त्यावरच चितारला, आणि पुढच्या वर्षी लंडनच्या रॉयल अकॅडमीत ती चित्रं मोठ्या आकारात छापून लागली. त्यांनी टूल वाढवली नाहीत, चित्रांची संख्या वाढवली.

तिघांनीही लहान आवार निवडलं आणि त्यातच चित्रं पुरी केली. फोटोशॉपचा इतिहासही याला पुष्टी देतो. १९९० मध्ये आलेल्या पहिल्या फोटोशॉपमध्ये लेयर, म्हणजे चित्राचे सुटे थर, नव्हते. ते १९९४ मध्ये आले. एकाहून अधिक पावलं मागे जाण्याची सोय १९९८ मध्ये मिळाली. त्याआधीची मुखपृष्ठं आणि जाहिराती लोकांनी त्याशिवायच केल्या. आजच्या विद्यार्थ्यापुढे मात्र शेकडो ब्रश, अगणित लेयर आणि हवं तितकं मागे जाण्याची मुभा असते. तो एकच पापणी चाळीसदा रद्द करतो आणि चेहरा अर्धवट सोडून नवे ब्रश डाउनलोड करायला जातो. मोफत ब्रशांचे साठे गोळा करणं हा शिकल्याचा आभास देणारा सर्वांत सोपा उद्योग आहे.

आपल्याकडे यावर उपाय शोधायला लांब जायची गरज नाही. शासकीय रेखाकला परीक्षांच्या पेपरांतच सॉफ्टवेअर शिकवण्याचा बरा अभ्यासक्रम पडलेला आहे. वस्तुचित्र एकाच लेयरवर, एकाच ब्रशने करायला लावावं. दाब, पोत, छायाप्रकाश सगळं त्यात येतं. कर्तव्य भूमिती आणि अक्षरलेखन पेन टूलसाठीच योजल्यासारखं आहे: एक ठळक ‘क’ कमीत कमी बिंदूंत बसवायला सांगितला तर दोन दिवसांत जे हाताला कळतं ते टूलच्या यादीने महिनाभरात कळत नाही. संकल्पचित्र म्हटलं की आरसा-प्रतिमा आणि कॉपी-पेस्ट आपसूक येतात. तिथे खरं तर सॉफ्टवेअरची मदत थोडी रोखावी, नाहीतर पाव नक्षी काढून उरलेली मशीनकडून करून घेतली जाते. खर्चाची सबब फारशी टिकत नाही. क्रिटा, इंकस्केप आणि गिम्प तिन्ही फुकट आहेत. क्रिटाने तर २००९ च्या सुमारास फोटोशॉपची बरोबरी करण्याचा नाद सोडून फक्त चित्र काढणाऱ्यांकडे लक्ष द्यायचं ठरवलं. फ्रेंच चित्रकार डेव्हिड रेव्हुआ यांनी ‘पेपर अँड कॅरट’ ही अख्खी चित्रकथामालिका क्रिटावर उभी केली. तेव्हा फुकटचं म्हणजे शिकाऊ लोकांचं, हा समज शाळांनी आणि पालकांनी सोडायला हरकत नाही.

थोड्या गोष्टी मात्र सुरुवातीलाच शिकाव्या लागतात, कारण त्या नंतर दुरुस्त होत नाहीत. पहिली म्हणजे मोजमाप. एफोर आकाराचं चित्र नीट छापायचं तर इंचाला ३०० ठिपके या हिशेबाने २,४८० बाय ३,५०८ पिक्सेलची फाइल सुरुवातीलाच उघडावी लागते. मोबाइलच्या पडद्यावर झकास दिसणारं हजार पिक्सेल रुंदीचं चित्र त्याच दर्जाने छापलं तर जेमतेम साडेआठ सेंटिमीटर भरतं. दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठाला ते पुरणार नाही. चौकाचौकांतल्या फ्लेक्सचं गणित पुन्हा वेगळं. तो लांबून पाहायचा असल्याने इंचामागे बरेच कमी ठिपके चालतात.

दुसरी गोष्ट रंगांची. पडदा लाल, हिरव्या आणि निळ्या उजेडातून रंग दाखवतो. छपाई निळसर, गुलाबीसर, पिवळ्या आणि काळ्या शाईतून होते. पडद्यावरचा झगझगीत पोपटी शाईत उतरतच नाही, मळकट होतो. काळ्याचं तर आणखी त्रांगडं आहे. पडद्यावरचा काळा छपाईसाठी बदलला की चारही शायांच्या मिश्रणातून छापला जाऊ शकतो, आणि प्लेट केसभर सरकली की बारीक अक्षरांना रंगीत सावल्या येतात.

हे सगळं वाचून समजतं, पण अंगवळणी पडायला पुरं केलेलं एक चित्र जवळच्या डिजिटल प्रिंटवाल्याकडे नेऊन छापून घ्यावं लागतं. खर्च चहा-नाश्त्याइतका. कुठली रेघ नको तितकी बारीक झाली, कुठला हिरवा मेला, कडेला कापायची जागा ठेवायची कशी राहिली, हे कागद हातात आला की लगेच दिसतं. काउंटरमागे कोरलड्रॉ या सॉफ्टवेअरवर काम करत बसलेल्या ऑपरेटरने अशा फसलेल्या फायली ढिगाने पाहिलेल्या असतात आणि विचारलं तर तो हौसेने दाखवतोही. फक्त लग्नसराईत आणि गणपतीच्या आधीच्या आठवड्यात त्याच्याकडे जाऊ नये.