मिस्त्रींनी बदलायला लावलेला ॲक्सल

जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्‌स गाड्यांची गोष्ट निघाली की ट्रायम्फ स्पिटफायर सरस की एमजी मिजेट, हा वाद हटकून रंगतो. हिंगोली जिल्ह्यातल्या गोरेगावच्या मिस्त्रीच्या हाताखाली यातली एखादी येण्याचा योग कमीच. स्पिटफायरची थोरली बहीण मात्र भारतातच बनत होती.

ती म्हणजे मद्रासची स्टँडर्ड हेराल्ड. डिझायनर मिचेलॉटीने रेखाटलेली ट्रायम्फ हेराल्ड १९५९ मध्ये इंग्लंडात आली. तिचीच चेसी आखूड करून १९६२ मध्ये स्पिटफायर निघाली. मद्रासला हेराल्ड १९६१ पासून तयार होऊ लागली, ९४८ सीसीचं इंजिन घेऊन. समोर स्पर्धक दोनच: कुर्ल्याची फियाट ११०० आणि उत्तरपाड्याची ॲम्बॅसेडर.

गिऱ्हाईक दरवाजे मोजायचं. फियाटला चार, हेराल्डला १९६८ पर्यंत दोनच. कुटुंबवत्सल माणसाचा कौल तिथेच ठरायचा. गॅरेजातून पाहिलं तर हिशेब उलटा. हेराल्डचं बॉनेट मडगार्डांसकट पुढे उलटतं. टायरवर बसून कार्ब्युरेटर लावता येतो. बॉडी वेगळ्या चेसीवर बोल्टांनी कसलेली, त्यामुळे सडलेला भाग सुटा काढता येतो. फियाटला वेगळी चेसीच नाही, खालून पत्रा गेला की वेल्डिंगला पर्याय नाही.

पण हेराल्डच्या पुढच्या चाकात एक खोड आहे. तिथला उभा दांडा खाली पितळी ट्रनियनच्या आट्यांत फिरतो आणि त्याला नव्वद नंबरचं गिअर ऑइल लागतं. फियाटच्या किंगपिनच्या सवयीने तिथे ग्रीसगन लावली, तर ग्रीस तळच्या आट्यांपर्यंत पोचत नाही, पाणी शिरतं, दांडा गंजतो आणि एक दिवस वळणावर तुटून चाक आडवं पडतं. स्पिटफायरमध्येही हीच रचना आहे.

मागच्या बाजूला तर मिस्त्रींनीच निकाल दिला. हेराल्डचा स्विंग ॲक्सल त्या काळी आधुनिक, पण वेगात वळताना एकदम ॲक्सिलरेटर सोडला की मागचं चाक आत दुमडू पाहायचं. इथल्या गिऱ्हाइकांना तो रुचला नाही, मिस्त्रींना त्याहून नाही. कंपनीने हेराल्डच्याच पुढच्या अवताराला, १९७२ च्या गॅझेलला, सरळ अखंड ॲक्सल बसवला. कारखान्याने गॅरेजचं ऐकल्याची उदाहरणं फार नाहीत.

बाजारात जिंकली फियाट. पद्मिनी या नावाने ती टॅक्सी म्हणून मुंबईत २०२३ पर्यंत धावली. सुट्या भागांच्या बाबतीत मात्र हरलेल्या हेराल्डचं नशीब बरं: स्पिटफायरच्या शौकिनांमुळे पुढच्या सस्पेन्शनचे भाग इंग्लंडात आजही नवे बनतात. ट्रनियन मागवायचा तर तिकडून येतो, आयात शुल्क भरावं लागतं एवढंच. गॅझेलच्या मागच्या ॲक्सलसाठी तिकडे विचारण्यात अर्थ नाही. तो इथेच, भंगारबाजारात शोधावा लागतो.