साकोलीजवळ रसायनाचा टँकर उलटला, तर आधी कोण पोहोचेल?

राष्ट्रीय महामार्ग 53 नागपूरहून भंडारा, साकोलीमार्गे रायपूरकडे जातो. ट्रक, बस, दुचाकी आणि ज्वलनशील माल नेणारे टँकर, सगळे याच रस्त्यावर. समजा, एखादा टँकर उलटला. तज्ज्ञ पथक यायच्या आधी तिथे कोण असेल? रस्त्याचं काम करणारे मजूर, ढाब्यावरची पोरं, गस्तीवरचा पोलीस आणि मोबाइल काढून व्हिडिओ करणारी गर्दी.

धोका किती खरा?

13 जून 2023 रोजी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर खंडाळ्याजवळ टँकर पेटला. जळतं रसायन पुलाखालच्या रस्त्यावर पडलं आणि खालून जाणारेही त्यात सापडले. 20 डिसेंबर 2024 ला जयपूरजवळ टक्कर झालेल्या टँकरमधून एलपीजी पसरला, मग भडका उडाला आणि आसपासची अनेक वाहनं जळाली. दोन्हीकडे टँकरपासून दूर असलेल्यांचेही जीव गेले.

नियम काय सांगतात?

भोपाळ दुर्घटनेनंतर (1984) कायदे कडक झाले. 1989 च्या घातक रसायन नियमांनुसार, ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त साठा असलेल्या कारखान्याला दर सहा महिन्यांनी आपत्तीचा सराव घ्यावा लागतो. धोकादायक माल नेणाऱ्या चालकासाठी मोटार वाहन नियमांत तीन दिवसांचं प्रशिक्षण आहे. म्हणजे कारखान्यातला कामगार आणि टँकरचा चालक यांचा विचार झाला. रस्त्यावर आधी धावून जाणारा मात्र या दोन्हींत बसत नाही. अपघातात चालकच बेशुद्ध असेल, तर त्याचं प्रशिक्षण कुणाच्या कामी येणार?

मग शिकवायचं काय?

अमेरिकेत हे प्रशिक्षण पायऱ्यांचं आहे. पहिली पायरी फक्त ओळखण्याची: धोका ओळखा, कळवा, लांब राहा. दुसरी पायरी लांबूनच फैलाव रोखण्याची, त्यासाठी किमान 8 तास. गळती प्रत्यक्ष बंद करणाऱ्यांसाठी किमान 24 तास. ज्याची जेवढी पायरी, तेवढंच त्याने करायचं. आपल्याकडे मदतीला धावणं हा चांगुलपणा मानला जातो आणि तो आहेच. पण वायू दिसत नसेल, तर धावणारा दुसरा बळी ठरतो.

पहिल्या पायरीत चार गोष्टी येतात.

– टँकरवरची पाटी वाचा. त्यावरचा चार अंकी क्रमांक पदार्थ सांगतो: 1203 पेट्रोल, 1075 एलपीजी, 1005 अमोनिया, 1017 क्लोरिन, 1830 सल्फ्युरिक आम्ल. वरच्या संकेताच्या शेवटी इंग्रजी 'ई' असेल, तर परिसर रिकामा करण्याचा विचार करावा लागतो.
– वारा पाहा. वारा ज्या दिशेने येतोय, त्या बाजूला सरका. एलपीजी आणि क्लोरिन हवेपेक्षा जड असतात, म्हणून नाला, खड्डा, सखल शेत टाळा.
– ठिणगी टाळा. विडी नको. वायूच्या जवळ गाडी सुरू करू नका.
– लांबूनच कळवा. 112 किंवा महामार्गाचा 1033. पाटीवरचा क्रमांक सांगा. तो वाचायला जवळ जावं लागत असेल, तर जाऊ नका. मोबाइलचा कॅमेरा लांबूनच झूम करा. व्हिडिओपेक्षा तो एक फोटो जास्त कामाचा.

हे करणार कोण?

1996 च्या रासायनिक अपघात नियमांत जिल्हा आपत्ती गटाची तरतूद आहे आणि त्याचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. या नियमांत वाहतुकीतला अपघातही येतो. म्हणजे सराव कारखान्याच्या फाटकातच व्हायला हवा, असं नाही. तो साकोलीच्या महामार्गावर, नगर परिषदेचे कर्मचारी, रस्ते कामगार आणि ढाबेवाल्यांना घेऊनही होऊ शकतो. पहिल्या पायरीसाठी महागडे सूट लागत नाहीत. पाटी वाचायला शिकवणारा माणूस लागतो, एखादा दिवस लागतो.

साकोली, लाखनी, देवरीच्या वाचकांनी आपल्या लोकप्रतिनिधींना एवढंच विचारावं: आपल्या रस्त्यावर असा सराव शेवटचा कधी झाला?