पाचवर ठेवून घर लवकर तापत नाही

भाचीनं मिल्टन कीन्सजवळ नवं घर घेतलंय, अजून बांधून व्हायचंय. ओट्याचा दगड निवडण्यात तिचे आणि जावयाचे कित्येक शनिवार गेले. हीटिंगचं मात्र एका फोनवर उरकायचं होतं. ‘‘मावशी, ॲपवाला थर्मोस्टॅटच घेऊ ना?’’

मी विचारलं, सकाळी अकरा वाजता तुमच्या घरात कोण कुठे बसलेलं असतं? दोघं वरच्या खोल्यांत लॅपटॉपसमोर. खाली कुणी नाही. नाशिकहून आई-बाबा आले की चित्र उलटं, दिवसभर दोघं खाली आणि स्वेटर घालूनही गारठलेले. म्हणजे आधी हवेत वर-खाली वेगळे झोन. ॲपचं मग बघू. इंग्लंडच्या बांधकाम नियमांत दीडशे चौरस मीटरहून मोठ्या घराला किमान दोन झोन लागतात. त्याहून लहान घरात बिल्डर एका थर्मोस्टॅटवर भागवू बघतो, तेव्हा आपणच मागायचं.

खोलीपुरतं काम रेडिएटरवरचा आकडेवाला नॉब करतो. डॅनफॉसच्या मॅड्स क्लाउसेन यांनी तो १९४३ मध्ये काढला. आत मेण किंवा द्रव भरलेली कुपी असते. खोली तापली की ती फुगते आणि गरम पाण्याची वाट अडवते. वायर नको, वायफाय नको. तीनचा आकडा म्हणजे साधारण वीस अंश. पण आपण वाढलो पंख्याच्या रेग्युलेटरवर. पाच म्हणजे जोरात! इथे पाच म्हणजे ‘खूप तापेपर्यंत थांबू नकोस’ एवढंच. साध्या थर्मोस्टॅटचंही तेच. अठ्ठावीसवर नेला म्हणून घर वीसपर्यंत लवकर पोचत नाही. वीसच्या पुढे तापत राहतं आणि मग आपण खिडकी उघडतो.

पैसे घालायचेच तर मी वेदर कॉम्पेन्सेशनवर घालीन. बाहेर, शक्यतो उत्तरेच्या भिंतीवर एक सेन्सर बसतो आणि बाहेरच्या थंडीप्रमाणे रेडिएटरमधलं पाणी कमी-जास्त गरम होतं. आजचे बॉयलर कंडेन्सिंग असतात. रेडिएटरांतून फिरून परत येणारं पाणी पंचावन्न अंशांच्या खाली असलं, तर धुरातल्या वाफेचं पाणी होतं आणि तिची उष्णताही आपल्या पदरात पडते. ऐंशी अंशांचं पाणी खेळवलं की ती धुराड्यातून जाते. म्हणून कोमट पाणी जास्त वेळ फिरवणं स्वस्त पडतं, हे आपल्याकडच्या गीझरवाल्या डोक्याला पटायला वेळ लागतो. विक्रेत्याला एवढंच विचारा: हा थर्मोस्टॅट बॉयलरला नुसतं चालू-बंद सांगतो, की पाणी किती गरम हवं तेही? पुष्कळदा बॉयलरच्याच कंपनीचा दिसायला ओबडधोबड कंट्रोल हे काम चोख करतो, आणि काचेची चकचकीत तबकडी नुसतीच चालू-बंद करते. घराला हीट पंप असेल तर हे दुपटीनं लागू. तिथे रात्री बंद आणि सकाळी भडका, हा खेळच महागात जातो.

आता ॲप. गूगलनं नेस्टच्या २०११ आणि २०१२ च्या थर्मोस्टॅटांना ऑक्टोबर २०२५ मध्ये ॲपवरून काढून टाकलं. भिंतीवर ते चालतात, फोनवरून नाही. बॉयलर सहज पंधरा वर्षं टिकतो, ॲपचं कोण सांगणार? शिवाय माझ्या बहिणीला थंडी वाजली तर तिनं जावयाला मेसेज पाठवायचा का? हातानं फिरवता येईल असंच काहीतरी भिंतीवर हवं.

आणि कुठल्या भिंतीवर, तेही बघायला हवं. भाचीच्या घराच्या नकाशात थर्मोस्टॅट पुढच्या दाराजवळच्या पॅसेजमध्ये दाखवलाय. दार उघडलं की गार झोत त्याच्यावर येणार, आणि तिथे बसणार कुणीच नाही. बैठकीच्या खोलीत, दीडेक मीटर उंचीवर, उन्हापासून आणि रेडिएटरपासून लांब अशी जागा मी सुचवली. त्या खोलीतल्या रेडिएटरचा नॉब मात्र पूर्ण उघडा ठेवायचा. नाहीतर नॉब आधीच पाणी तोडतो आणि थर्मोस्टॅट बॉयलरला पेटवतच बसतो.

ॲपवरून दोघांचं अजून जमलेलं नाही, आणि त्यात मी पडणार नाही. पण जागा बदलायचं बिल्डरकडून याच आठवड्यात लेखी घे, असं तिला बजावलंय. प्लास्टर पुढच्या महिन्यात आहे.