उशिरा उतरलेलें निशाण

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं साउथ कॅरोलिना ह्या राज्याची राजधानी कोलंबिया. तेथील विधानभवनाच्या आवारांत २०१५ सालच्या जून महिन्यांत जो देखावा दिसला, तो पाहून कोणाही विचारी मनुष्यास लाज वाटावी. भवनाच्या घुमटावरील राष्ट्राचें व राज्याचें अशीं दोन्ही निशाणें शोकार्थ अर्ध्यावर उतरविलीं होतीं. आणि त्याच आवारांत तिसरें एक निशाण पूर्ण उंचीवर फडकत होतें. शोक ज्या नऊ जणांसाठीं चालला होता, त्यांच्या मारेकऱ्यानें तेंच निशाण हातीं धरून आपलीं छायाचित्रें काढलेलीं होतीं!

१७ जून रोजीं रात्रीं चार्ल्स्टन शहरांतील इमॅन्युएल चर्चमध्यें बायबलाचा पाठ चालला असतां एकवीस वर्षांचा एक गोरा तरुण तेथें आला. कृष्णवर्णी भाविकांनीं त्यास आपल्यांत बसवून घेतलें. सुमारें तासभर त्यांच्या पंक्तीस बसून मग त्यानें पिस्तूल काढलें आणि नऊ जणांचे प्राण घेतले. त्यांत चर्चचे पाद्री व राज्याच्या सिनेटाचे सभासद क्लेमेंटा पिंक्नी हेही होते. पुढें पिंक्नी ह्यांचा देह दर्शनासाठीं विधानभवनांत आणला, तेव्हां ज्या खिडकींतून तें निशाण दिसे तिच्यावर काळा पडदा सोडावा लागला. जें मृतासमोर झांकावें असें वाटलें, तें जिवंतांसमोर इतकीं वर्षें उघडें कां ठेविलें, ह्याचें उत्तर त्या निशाणाच्या कैवाऱ्यांकडे आम्ही मागत आहों.

हा दूरदेशींचा तंटा, मराठी वाचकांस त्याचें काय, असें कोणी विचारील. त्यास उत्तर जोतीराव फुल्यांनीं देऊन ठेविलें आहे. १८७३ सालीं 'गुलामगिरी' हा आपला ग्रंथ त्यांनीं गुलामांच्या मुक्ततेसाठीं झटणाऱ्या अमेरिकन लोकांस अर्पण केला आणि आपल्या देशबांधवांनीं त्यांचा कित्ता गिरवावा अशी इच्छा प्रकट केली. ज्या कार्याचा गौरव आमच्या भाषेंत असा झाला, त्याच कार्याविरुद्ध लढलेलें निशाण त्या देशांतील एका सरकारच्या आवारांत कां राहावें, हें विचारण्याचा अधिकार आम्हांस खास आहे.

कैवाऱ्यांचा पहिला कोटिक्रम असा कीं, हें निशाण पूर्वजांचा वारसा आहे. त्याचा गुलामगिरीशीं संबंध नाहीं. हें म्हणणें खोटें आहे, आणि खोटें ठरविण्यास त्या पूर्वजांचेच कागद पुरेसे आहेत. २० डिसेंबर १८६० रोजीं साउथ कॅरोलिना सर्वांआधीं संघराज्यांतून फुटून निघालें. फुटण्याचीं कारणें त्यानें लेखी जाहीर केलीं, आणि त्यांत उत्तरेकडील राज्यांचें गुलामगिरीच्या पद्धतीशीं असलेलें वैर हेंच मुख्य गाऱ्हाणें आहे. फुटीर सरकारचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स ह्यांनीं २१ मार्च १८६१ च्या भाषणांत तर, काळ्या मनुष्याची बरोबरी गोऱ्याशीं होणें नाहीं, हीच आपल्या नव्या राज्याची कोनशिला, असें बजावून सांगितलें. पूर्वज आपला हेतु लपवीत नव्हते. नातवांनींच तो लपवावा हें नवल!

आणि वारसा म्हणावा तर तो ह्या इमारतीवर चढला केव्हां? युद्ध १८६५ सालीं संपलें. घुमटावर निशाण चढलें १९६१ सालीं. निमित्त युद्धाच्या शतसांवत्सरिकाचें होतें. परंतु १९६२ सालीं विधिमंडळानें तें तेथेंच ठेवण्याचा जो ठराव केला, त्यांत तें उतरविण्याची तारीखच घातली नाहीं! हे दिवस कोणते होते? शाळांतील वर्णभेद बेकायदा ठरविणारा १९५४ सालचा निकाल लागून गेला होता आणि दक्षिणेंतील कृष्णवर्णी तरुण उपाहारगृहांतून, बसगाड्यांतून बरोबरीचा हक्क मागत होते. त्यांच्या डोक्यावर तेंच निशाण उभारणें ह्यास पितृस्मरण म्हणावें कीं धाक, हें वाचकांनींच ठरवावें.

दुसरा कोटिक्रम सैनिकांचा. रणांत पडलेल्या गरीब शिपायांचें स्मरण करूं नये काय? अवश्य करावें. त्यांच्या आयांचे अश्रु खरे होते. परंतु स्मरणास थडगें आहे, संग्रहालय आहे, घर आहे. सरकारी आवार हें सर्व प्रजेचें अंगण. तेथें जें उंच उभारलें जाईल, तें राज्य कोणाचें हें सांगतें. दक्षिणेचा सेनापति रॉबर्ट ली ह्यासही हा भेद कळत होता. गेटिसबर्गच्या रणभूमीवर स्मारकें उभारण्यासाठीं १८६९ सालीं त्यास पाचारण केलें, तेव्हां युद्धाच्या जखमा उघड्या न ठेवणें बरें, अशा आशयाचें लिहून त्यानें नकार दिला. सेनापतीस जें उमजलें तें त्याच्या भक्तांस उमजूं नये ना?

तिसरा आक्षेप, इतिहास पुसला जाईल. मुंबईकरांनीं ह्यावर हंसावें. सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा १९६५ सालीं हालवून भायखळ्याच्या बागेंत नेला; तरी त्या जागेचें काळा घोडा हें नांव गेलें नाहीं, आणि इंग्रजांचें राज्य येथें होतें हेंही कोणी विसरलें नाहीं. वस्तु हालते, इतिहास हालत नाहीं. जातो तो केवळ मान.

शेवटीं कोणी म्हणतात, मारतें माणूस. कापडाच्या तुकड्यावर राग कशाला? मग त्या तुकड्याभोंवतीं कायद्याचा एवढा कोट कां? २००० सालीं घुमटावरून काढून तें आवारांतील सैनिकस्मारकाजवळ लाविलें, तेव्हां दोन-तृतीयांश मतांवांचून तें हालवूं नये असें कलम घातलें. म्हणून शोकाच्या दिवशींही गव्हर्नरास त्याला हात लावतां येईना. २७ जून रोजीं ब्री न्यूसम ही कृष्णवर्णी तरुणी खांबावर चढली आणि तिनें तें उतरविलें. तिला अटक झाली आणि तासाभरांत निशाण पुन्हा वर चढलें. ज्याचें कांहींच महत्त्व नाहीं त्याची एवढी तत्परता कोणी दाखवीत नाहीं.

अखेर गव्हर्नर निक्की हेली ह्यांनीं मागणी केली, सिनेटांत ३७ विरुद्ध ३ व प्रतिनिधिगृहांत ९४ विरुद्ध २० मतें पडलीं, आणि १० जुलै रोजीं निशाण उतरून संग्रहालयाकडे गेलें. योग्य तेंच झालें, आणि तें करणारांस आम्ही दोष देत नाहीं. परंतु टाळ्यांच्या गजरांत एक हिशेब बुडूं नये. हें निशाण आमचा अपमान करतें, असें कृष्णवर्णी नागरिक कित्येक वर्षें सांगत होते. त्यांच्या एका मोठ्या संघटनेनें २००० सालापासून राज्यावर आर्थिक बहिष्कार टाकिला होता. खुद्द पिंक्नी १९९७ पासून विधिमंडळांत बसत होते. जिवंत सभासद पिंक्नी डोळ्यांसमोर असतां जें बहुमत मिळालें नाहीं, तें त्यांच्या शवपेटीनें मिळविलें! मृतांच्या आप्तांनीं दोनच दिवसांनीं न्यायालयांत मारेकऱ्यास क्षमा केली. तें औदार्य त्यांचें. त्यावरून आपलें ऋण फिटलें असें राज्यानें समजूं नये.

आणि तें फिटलें नव्हतेंच. कृष्णवर्णीयांचा मताधिकार बुडविल्याची उघड बढाई मारणारा गव्हर्नर बेंजामिन टिलमन ह्याचा १९४० सालीं उभारलेला पुतळा निशाण गेल्यावरही त्याच आवारांत राहिला. दोन-तृतीयांशाचें कलम त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानें २०२१ सालीं रद्द केलें. तेव्हां तीही सबब सरली. अपमान होतो असें शेजाऱ्यानें सांगितलें, तर तें त्याच्या जिवंतपणीं ऐकावें, एवढीच आमची मागणी आहे. आणि ती साउथ कॅरोलिनापुरती नाहीं.