शेजाऱ्यांचे ससे

शेजारधर्म म्हणजे काय, असा प्रश्न आमच्या एखाद्या विद्यार्थ्यास केला तर तो तत्काळ सांगेल की, अडल्यावेळी वाटीभर साखर द्यावी, आजारपणात डॉक्टरांस बोलावून आणावे, लग्नकार्यात पाने मांडावयास जावे. उत्तर बरोबर आहे. परंतु शेजाऱ्याच्या मागीलदारी पिंजऱ्यात घातलेला व पुढे विसरला गेलेला एखादा मुका जीव या शेजारधर्मात बसतो की नाही, हा प्रश्न गेल्या पावसाळ्यात आमच्यासमोर उभा राहिला, तेव्हा आम्हां शहाण्यासुरत्या माणसांची बरीच तारांबळ उडाली. ती हकीकत व तीवरून बनलेले आमचे मत वाचकांपुढे ठेवीत आहोत.

शिरोड्यास आमच्या वाडीतील एका घरी मे महिन्याच्या सुटीत मुंबईचे चाकरमानी आले. मुलांच्या हौसेखातर त्यांनी दोन पांढरे ससे बरोबर आणले होते. पंधरा दिवस त्या सशांचे जे कौतुक झाले, ते एखाद्या नवरदेवाचेही होत नसेल. मिरग लागण्यापूर्वी चाकरमानी मुंबईस परतले. ससे मात्र येथेच राहिले. घरात उरल्या एक वृद्ध आजी आणि नोकरीनिमित्त गोव्यास राहून आठवड्याने घरी येणारा त्यांचा मुलगा. सशांची रवानगी फणसाखालच्या जुन्या कोंबड्यांच्या खुराड्यात झाली. खाली तारेची जाळी, वर गंजलेला पत्रा, बाजूंस काहीच नाही. या बाजूस दर साल सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो व तो बहुतेक सारा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. तो तिरपा येऊन सशांच्या अंगावर कसा कोसळत असेल, हे कोकणातील वाचकांस सांगावयास नको.

आमच्या दाराशी कुत्र्यास कोणी उपाशी ठेविले तर ते रात्रभर भुंकून सारी वाडी जागी करील. गाय हंबरेल, कोंबडी कलकलाट करील. ससा तसे काही करीत नाही. तो भक्ष्य होणाऱ्या प्राण्यांच्या जातीतला आहे. आपण दुबळे झालो आहोत हे शत्रूस कळू नये म्हणून दुखणे लपविणे हाच त्याचा स्वभाव. प्राणांतिक भीतीखेरीज तो सहसा ओरडत नाही. खाणे सोडून तो कोपऱ्यात बसला की पाहणारा म्हणतो, "किती गरीब जनावर हे, कसे शांत बसले आहे!" वास्तविक सशाचे पोट अखंड चालू राहावे लागते. एक दिवसभर त्याने काही खाल्ले नाही, तर तेवढ्यानेही त्याच्या जिवावर बेतू शकते.

आणखीही कित्येक गोष्टी आम्हांस ठाऊक नव्हत्या. सशाचे दात जन्मभर वाढतात व गवत चावून चावूनच ते झिजतात; म्हणून गवत हेच त्याचे मुख्य अन्न. भात, पोळी, बिस्किटे हे आपण प्रेमाने देतो ते त्याच्या पोटास अपायकारक असते, आणि चित्रांतून नेहमी दिसणारे गाजर हेही त्याचे जेवण नसून खाऊ आहे. त्याला घाम जवळजवळ येत नाही; अंगातील उष्णता बाहेर टाकावयाची ती मुख्यतः त्या लांब कानांतून. तीस अंशांच्या वर पारा गेला की त्याचा जीव कासावीस होऊ लागतो. आपल्या किनाऱ्यावरील एप्रिल-मे ज्याने अंगावर काढले आहेत, त्याने पत्र्याखालच्या पिंजऱ्याची कल्पना करावी. तारेच्या जाळीवर सतत बसून त्याच्या पायांस जखमा होतात. आणि पावसाळ्यात भिजलेल्या, मळलेल्या लोकरीत माशा अंडी घालतात. मग एका दिवसात काय होते त्याचे वर्णन या पानांत करण्यासारखे नाही.

आता आमच्या दोषाकडे वळू. ज्या पाणंदीने आम्ही शाळेस जातो, तिच्या कडेच्या चिऱ्याच्या गडग्यावरून ते खुराडे स्पष्ट दिसते. आम्ही आठ दिवस ते पाहत होतो आणि आठही दिवस छत्री जराशी त्या बाजूस कलती करून पुढे गेलो. शाळेत प्रार्थनेच्या वेळी चांगल्या शोमरोन्याचा दृष्टांत आम्ही किती वेळा सांगितला असेल! आपला शेजारी कोण, या प्रश्नाच्या उत्तरादाखल येशूने तो सांगितला. जखमी माणसास पाहून याजक व लेवी रस्त्याच्या दुसऱ्या कडेने निघून गेले, हे सांगताना आम्ही त्या दोघांवर बरेच तोंडसुखही घेत असू. अखेर सातवीतील दोन मुलांनी आम्हांस थांबवून विचारले, "गुरुजी, ते ससे मरतील का?" तेव्हा आमचे पाय थांबले.

थांबल्यावर आम्ही जे केले ते न थांबण्यापेक्षाही वाईट ठरले. त्याच संध्याकाळी आम्ही आजींच्या अंगणात गेलो. पडवीत आणखी दोन-तीन शेजारणी बसल्या होत्या. त्यांच्यादेखत आम्ही भूतदया, कायदा आणि पाप या तीन विषयांवर एक लहानसे व्याख्यान दिले. आजींनी ते निमूटपणे ऐकले, उठल्या, आत गेल्या व दार लोटून घेतले. दुसऱ्या दिवशी गडग्याच्या त्या भागावर कोणी माडाची चुडते उभी करून ठेविली होती. सशांस पाऊस लागू नये म्हणून नव्हे, आम्हांस ससे दिसू नयेत म्हणून. सत्य बोलल्याचे समाधान घेऊन आम्ही पुढचे बारा दिवस त्या घरी गेलो नाही. त्या बारा दिवसांत दोहोंपैकी एक ससा मेला. त्याचे खापर आम्ही प्रथम आजींवर फोडले होते. हल्ली ते आम्ही अर्धे आमच्या माथी घेतो.

कायद्याची गोष्ट निघाली आहे तर तीही नीट सांगू. प्राण्यांस क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा आपल्या देशातील सध्याचा कायदा १९६० सालचा आहे. प्राणी पाळणाऱ्याने त्याला पुरेसे अन्न, पाणी व निवारा न देणे, तसेच हालचालीस पुरेशी जागा नाही अशा पिंजऱ्यात त्याला कोंडणे, हे या कायद्याने अपराध ठरविले आहेत. पाळलेला प्राणी रास्त कारणावाचून सोडून देणे, हाही अपराधच. पहिल्या अपराधास दंड दहा ते पन्नास रुपये! पन्नास रुपयांत आज बाजारात मासळीचा वाटाही मिळणे कठीण, तेथे त्या दंडाने कोणाचे डोळे उघडणार? तरीही कायद्याचे महत्त्व आम्ही कमी लेखीत नाही. १८२२ साली इंग्लंडात या जातीचा पहिला कायदा झाला तेव्हा त्याचे छत्र गुरे, घोडे, मेंढरे एवढ्यांवरच होते. सशासारख्या जिवाची त्यात गणतीही नव्हती. त्या कायद्याची अंमलबजावणी व्हावी म्हणून १८२४ साली लंडनमध्ये संस्था काढणारा आर्थर ब्रूम हा एक धर्मोपदेशकच होता, आणि संस्थेच्या कर्जापायी १८२६ साली त्यास तुरुंगात जावे लागले. आपल्या मुंबईत तर त्यानंतर थोड्याच वर्षांत, १८३२ साली, रस्त्यावरील कुत्री मारण्याच्या सरकारी हुकुमावरून दंगल उसळली होती व १८३४ साली जमशेटजी जिजीभाई व मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने पांजरपोळ उभे राहिले. मुक्या प्राण्यांचा कैवार ही परदेशातून आलेली नवी टूम आहे असे ज्यांस वाटते, त्यांनी हे ध्यानात घ्यावे.

म्हणून जेथे मालक धडधडीत निर्दय आहे, सांगून व मदत देऊ करूनही जो ऐकत नाही, तेथे तालुक्याच्या पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांस व वेळ पडल्यास पोलीस ठाण्यास कळविण्यात आम्हांस संकोच वाटत नाही. त्याने शेजार बिघडेल, हे खरे. पण तो शेजार आपण एका जिवाच्या मोलाने टिकवीत होतो, हेही तितकेच खरे. मात्र ही पायरी शेवटची आहे. निर्दयपणा व असमर्थता यांत अंतर असते, आणि ते गडग्यावरून दिसत नाही. त्यासाठी अंगणात जावे लागते.

मुलांच्या मनात निराळेच शिजत होते. एकाने सुचविले, मोबाईलवर छायाचित्र काढून ते गावभर पसरवावे. दुसऱ्याने सांगितले, रात्री जाऊन खुराड्याचे दार उघडावे आणि उरलेल्या सशास रानात सोडून द्यावे. पहिल्याने आजींची बेअब्रू झाली असती व सशास काडीभर गवत मिळाले नसते. दुसऱ्याविषयी थोडे अधिक लिहिणे प्राप्त आहे, कारण पुष्कळांस ते दयेचे कृत्य वाटते. आपल्या सड्यावर, काजूच्या बागांतून दिसतो तो ससा आणि हा पिंजऱ्यातला पांढरा ससा हे एक नव्हेत. रानातला आपला ससा बीळ करीत नाही; त्याची पिले अंगभर लव घेऊन, डोळे उघडे ठेवूनच जन्मतात. पांढऱ्या सशाचे पूर्वज स्पेन-पोर्तुगालकडचे. त्याची पिले आंधळी व उघडी जन्मास येतात, आणि पिढ्यान्पिढ्या माणसाच्या आश्रयास राहून धोका ओळखण्याची त्याची बुद्धीही मंद झाली आहे. तो शुभ्र गोळा आपल्या रानात सोडला तर कुत्री, कोल्हे, मुंगूस यांपैकी कोणाच्या तरी तोंडी एका रात्रीत पडावयाचा. शिवाय चोरून केलेल्या उपकारास आम्ही उपकार म्हणत नाही. याच शिरोड्याच्या मिठागरांवर १९३० च्या मे महिन्यात सत्याग्रही आले ते भर दिवसा, आपण काय करणार हे आधी जगजाहीर करून, आणि शिक्षा भोगण्याच्या तयारीने आले. दोघाही मुलांस हे पटले असे म्हणवत नाही. परंतु ते गप्प राहिले.

कोंडी फुटली ती त्यांतील धाकट्यामुळे, आणि आम्हांस न विचारता. एका सकाळी हातभर ओले गवत घेऊन तो आजींच्या दारात गेला व म्हणाला, "आजी, आमच्या परड्यात गवत फार माजलंय. सशाला घालू का?" आजींनी त्याला आत घेतले, आणि जे आमच्या व्याख्यानास त्यांनी सांगितले नव्हते ते त्या पोरास सांगितले: "झिला, माका आता वाकूक जमणा नाय." खुराड्याचे दार जमिनीलगत. गुडघे धरलेले. पावसात निसरड्या अंगणातून जाण्याची भीती. त्या रोज उरलेला भात वरच्या फटीतून आत टाकीत होत्या व आपण जनावरास पोटभर घालतो, अशा समजुतीत होत्या. दुसरा ससा गेल्यावर त्या दोन दिवस नीट जेवल्या नाहीत, हे आम्हांस मागाहून कळले.

एकनाथ महाराजांनी रामेश्वरास न्यावयाची गंगेची कावड वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी रिकामी केली, ही कथा आपण सारे जाणतो. त्या गाढवाचा धनी कोण व त्याने त्याला असे का टाकिले, याची चौकशी नाथांनी केल्याचे कथेत नाही. त्यांनी आधी पाणी पाजले. आम्ही आधी चौकशी केली, मग निकाल दिला, आणि पाणी पाजावयाचे राहूनच गेले.

माणसे उपाशी असता सशांचे काय कौतुक, असे म्हणणारे गृहस्थ आम्हांस भेटतात. त्यांपैकी कोणी उपाशी माणसास जेवू घालताना मात्र आमच्या पाहण्यात नाही.

पालकांस एक विनंती. मुलाने हट्ट केला म्हणून, अथवा वाढदिवसाची भेट म्हणून, जिवंत प्राणी घरी आणू नये. बाहुली माळ्यावर टाकता येते, ससा येत नाही. नीट सांभाळल्यास तो आठ-दहा वर्षे जगतो. तितक्या काळात आज तिसरीत असलेला मुलगा महाविद्यालयात जाईल. नर-मादी एकत्र ठेविल्यास महिन्याभरात पिले होतात व मादी लगेच पुन्हा गाभण राहू शकते. आजींकडचे दोन्ही नर होते, हे सर्वांचेच नशीब. आणि ज्यांच्या घरी म्हातारी माणसे एकटी असतात, त्यांच्या गळ्यात सुटीचा खेळ बांधून मुंबईस निघून जाणाऱ्यांस काय म्हणावे? सशाच्या हालांस आजी कारण झाल्या असे गाव म्हणाले. ज्यांनी तो आणला त्यांचे नाव कोणी घेतले नाही.

हल्ली तो ससा आजींच्या मांगरात असतो. कमरेइतक्या उंच फळीवर मुलांनी त्याला पेटी करून दिली आहे. तळाशी पेंढा, पाण्यास जड मातीचे भांडे, समोर उघडझाप करावयास सोपे दार. पशुवैद्यांनी त्याच्या पायांस औषध दिले. एका पायावर केस अजून उगवलेले नाहीत. दुपारी मुले त्याला परड्यात मोकळा सोडतात, तेव्हा आजी खुर्ची टाकून कावळ्या-कुत्र्यांवर नजर ठेवितात. गवताच्या पाळीचा कागद आजींच्या पडवीत टांगलेला आहे. सोमवार ते शनिवार सहा मुलांची नावे आहेत. रविवारी मुलगा गोव्याहून येतो, तो त्याचा दिवस. आमचे नाव गुरुवारी आहे, आणि दोन गुरुवार आम्ही चुकलो, तेही त्या कागदावर नोंदलेले आहे.

एप्रिलअखेर शाळा बंद होईल. सहांपैकी चार मुले आजोळी जाणार आहेत, रानातील गवत तोपर्यंत वाळून जाईल, आणि मांगराच्या पत्र्यावर ऊन उतरू लागेल. पत्र्यावर चुडते घालावयाचे ठरले आहे. पण रोज सकाळी ओला पाला कोणी आणावयाचा, हे अजून ठरावयाचे आहे. शिरोड्यात सुटीत राहणाऱ्या विद्यार्थ्यांनी आपली नावे आम्हांकडे द्यावीत.