आधी बाळूंना आत घ्या!

फराळाला येऊन यजमानाशी भांडू नये, हा संकेत आमच्या मेहुण्यांना मान्य नाही. पाडव्याच्या सकाळी, औरंगपुऱ्यातल्या आमच्या घरी, हातातली चकली नाचवीत ते गरजले, "विजय हजारे अजून बाहेर, आणि तुम्ही स्वस्थ चिवडा खाता?"

प्रकरण असे. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने २००९ साली थोर खेळाडूंचे कीर्तिमंदिर उघडले. गावसकर, बेदी, कपिल देव लगेच आत गेले. मंकड २०२१ साली. सांगलीचे हजारे मात्र राहिले. १९४८ साली अॅडिलेडला एकाच कसोटीत ११६ आणि १४५ धावा. १९५२ साली मद्रासला भारताचा पहिला कसोटी विजय, तोही त्यांच्या नेतृत्वाखाली! मेहुण्यांची तक्रार अगदी रास्त आहे. माझी तिच्याहून जुनी आहे, एवढेच. आधी पालवणकर बाळूंना आत घ्या.

"पण ते कसोटी कुठे खेळले?" मेहुणे.

खेळणार कसे? बाळूंचा जन्म १८७६ चा, भारताची पहिली कसोटी १९३२ ची! चर्मकार घरातला हा मुलगा पुण्याच्या गोऱ्यांच्या क्लबात महिना चार रुपयांवर राबे आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकी. पुढे हिंदूंच्या संघाने त्याला घेतले. मैदानात त्याने टाकलेला चेंडू सर्वांच्या हातून फिरे. चहा मात्र त्याला बाहेर, मातीच्या भांड्यात. १९११ साली महाराजा पतियाळांचा संघ विलायतेला गेला. संघाचे पानिपत झाले, पण बाळूंच्या डावखुऱ्या फिरकीने त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले. अशा माणसाला हिंदू संघाचे कर्णधारपद कधी लाभले नाही. ते १९२३ साली धाकट्या विठ्ठलला मिळाले आणि त्याने चौरंगी सामने जिंकून दाखवले.

माझा भाचा कॉलेजात शिकतो. तो म्हणाला, "मामा, हेच बाळू १९३७ च्या निवडणुकीत बाबासाहेबांविरुद्ध उभे होते ना?" होते, आणि पडले. पण मतपेटीने फिरकी कशी मोजायची?

कसोटीची सबब मला पटत नाही. अमेरिकेत बेसबॉलवाल्यांचे असेच मंदिर कूपरस्टाउनला आहे. काळ्या खेळाडूंना मोठ्या संघांची दारे बंद होती. जॉश गिब्सन त्या संघांत एकही सामना न खेळता वारला. तरी १९७२ साली त्याला मंदिरात मानाने घेतले. जिथे शिरूच दिले नाही तिथला हिशेब त्याच्याकडे मागायचा नाही, हे अमेरिकेला कळले. बाळूंना तर शिरायला कसोटीचे दारच नव्हते!

एक नाव लागावे म्हणून माणसे किती झगडतात, हे या शहराला कोणी शिकवू नये. विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव १९७८ चा, आणि नाव लागले १९९४ साली.

मेहुणे थोडे नरमले. "बरे, आधी बाळू. पण हजारे त्याच वर्षी!"

मी करंज्यांचे ताट त्यांच्यापुढे सरकवले.